आठव्या डावातली चूक

९ जानेवारी २०१७, सोमवार

शेवटी बोलावणं आलंच! सकाळी वॉल्ट ड्रेसरचा फोन. चार फेब्रुवारीला फायर हाऊसमधलं हिवाळी जेवण, जेवणानंतर नेहमीचा वाद – आपल्या काळातल्या बेसबॉलमधला सगळ्यात मोठा स्टार्टिंग पिचर, म्हणजे पहिल्या डावापासून चेंडू टाकणारा, कोण – आणि यंदा लायल ब्रेनमनची बाजू मी मांडायची. वॉल्ट तीस वर्षं आमचा पोस्टमास्तर होता, पण बातमी एकदम हातात द्यायची नाही ही त्याची जुनी खोड. पाच मिनिटं बर्फाबद्दल बोलून झाल्यावर म्हणाला, "आणि बाई, लायल स्वतः येतोय."

मी मटकन खुर्चीत बसले. आयडाने स्वयंपाकघरातून विचारलं, कोण गेलं?

गेलं कोणी नाही म्हटलं. येतोय!

आणि बाजू मी नाही मांडायची तर कोणी मांडायची? १४ ऑगस्ट १९९२, शुक्रवार. आमच्या गावच्या संघाचं, बेल्डन फॉल्स मिलर्सचं मैदान, साडेअकराशे माणसं. एकवीस वर्षांच्या लायलने नऊच्या नऊ डाव टाकले आणि समोरच्या एकाही बॅटरला हिट मिळू दिली नाही. नो-हिटर! आमच्या मैदानावर तेवढा एकच. आठवड्याभरात वरच्या लीगने त्याला उचललं, पुढच्या वर्षी तो मोठ्या लीगमध्ये, आणि मग अठरा वर्षं तिथून हलला नाही. त्या दिवशी प्रेस बॉक्समध्ये अधिकृत स्कोअरर कोण होतं? एनिड स्प्रॅग, गणिताची शिक्षिका, बेल्डन फॉल्स हायस्कूल. बॅटर पहिल्या बेसवर पोचला तो स्वतःच्या फटक्यावर (म्हणजे हिट), की अडवणाऱ्याच्या चुकीवर (मग नो-हिटर शाबूत) – हे ठरवायचा हक्क अख्ख्या मैदानात एकाच माणसाला असतो. तो माणूस मी! एकतीस हंगाम मी ते काम केलं आणि एकही निकाल बदलला नाही. नियमाने दुसऱ्या दिवशीपर्यंत बदलता येतो. मॅनेजर लोक जिना चढून भांडायला यायचे. मी पेन्सिलीला टोक करत ऐकून घ्यायची आणि त्यांना जिना दाखवायची.

पंचवीस वर्षं झाली म्हणून पितळी पाटी करवली आहे. वसंतात मैदानाच्या फाटकावर बसेल, पण कापड त्या जेवणातच निघणार, लायलच्या हाताने.

निळा कोट धुवायला टाकला पाहिजे.

११ जानेवारी, बुधवार

आयडा म्हणाली, "इतकी वर्षं भांडताय, एकदाचं ठरवून का टाकत नाही?" ठरवून टाकलं तर फेब्रुवारीत करायचं काय, हे माझ्या बहिणीला या जन्मात कळायचं नाही.

१४ जानेवारी, शनिवार

सकाळी उठते तो घर गारठलेलं. बॉयलर बंद. नेफ्ताली रोसारिओला फोन केला, अर्ध्या तासात दारात. गावात बॉयलर म्हटलं की नेफच. कॅरिबियन बेटावरच्या डोमिनिकन रिपब्लिकमधून बेसबॉल खेळायला आला, ब्याण्णवच्या सप्टेंबरात क्लबने नारळ दिला, तोवर आमच्या कॅरोल बेट्झशी सूत जुळलं होतं, मग राहिलाच. बर्फ पहिल्यांदा इथेच बघितला आणि आता त्याच्यावरच पोट भरतो, असं सांगून स्वतःच हसतो. माझ्या वर्गात कधी बसला नाही, पण कॅरोल बसली होती, म्हणून तोही मला बाईच म्हणतो.

तो बॉयलरच्या मागे आडवा, बाहेर नुसते बूट. मी जिन्याच्या पायरीवर. म्हटलं, ऐकलंस ना, लायल येतोय, मी बोलणार आहे. बूट म्हणाले, ऐकलं. "मी पण बोलणार आहे, बाई. पेद्रोसाठी."

पेद्रो मार्तीनेझ! आणि हा नेफ लायलच्या पाठीमागे, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला शॉर्टस्टॉप म्हणून उभा राहिलेला. लायल त्याच्या लग्नात नाचलेला. मी तसं बोलून दाखवलं.

"मित्र तो मित्र आणि पिचर तो पिचर," बूट म्हणाले. "आणि पेद्रोच्या बेटावरच्या माणसाने दुसऱ्याला मत दिलं तर आई मला घरात घ्यायची नाही."

मग पाना ठोकत ठोकत त्याने आपलं म्हणणं मांडलं. साल दोन हजार. बॅटर नुसते मोकाट सुटले होते, पेद्रोच्या लीगमधला साधारण पिचर नऊ डावांना पाच धावा खात होता. पेद्रोने दोनसुद्धा दिल्या नाहीत. "असा पूर येतो तेव्हाच कळतं, बाई, कोणाचं घर उभं राहतं." मी म्हटलं, एका चाचणीत पहिला आला म्हणून वार्षिक परीक्षेत पहिला येतोच असं नाही. तो म्हणाला, पेद्रो सात वर्षं ओळीने चाचण्या देत होता, तुम्हीच तपासायच्या राहिलात. जीभ चांगलीच चालते याची. व्याकरण अजून डळमळतं, टोमणा मात्र एकही चुकत नाही.

घर तासाभरात गरम झालं. जाताना आयडाने कॉफी दिली, तर कप हातात देताना म्हणाली, "दोन्ही हातांनी धर." गावात सगळेच त्याला असं म्हणतात. त्या नो-हिटरच्या दिवशी आठव्या डावात साधासा चेंडू त्याच्या हातून निसटला होता. अख्ख्या सामन्यात संघाची तेवढी एकच चूक. पंचवीस वर्षं हा विनोद चालू आहे. तो हसला आणि दोन्ही हातांनी कप धरला. मला आज ते बघवलं नाही.

१८ जानेवारी, बुधवार

भाषणासाठी १९९२ची स्कोअरची वही काढली. काढायला नको होती.

आठवा डाव, एक बाद. समोरच्या संघाचा ट्रेव्हर हूड. चौकोनात माझ्या अक्षरात ई-६. ई म्हणजे चूक, सहा म्हणजे शॉर्टस्टॉप. पेन्सिल जरा जास्तच दाबलेली.

पाटी लावणार, भाषण करणार, तर निदान या पानावर तरी खरं लिहू दे. त्या चौकोनात हिट हवी होती.

हूड डावखुरा, गावात वर्षानुवर्षं पाहिलेल्या पोरांमध्ये सगळ्यात वेगवान. त्याने चेंडू नुसता ढकलला. तो हळू हळू घरंगळत निघाला. नेफ धावत पुढे आला, उघड्या हाताने उचलला, आणि फेकायच्या आत तो हातातून सुटून गवतात पडला. हूड बेसवर. साडेअकराशे माणसांनी माना वळवून वर माझ्याकडे बघितलं. मी त्यांना बघितलं नाही असं दाखवलं. चार सेकंदं. मग ई-६ लिहिलं, फलकावर 'चूक' असा दिवा लागला, आणि लोक असे ओरडले की प्रेस बॉक्सच्या काचा थरथरल्या. मलाही आनंद झाला. खोटं कशाला बोलू, खूप आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काहीतरी निमित्त काढून क्लबच्या ऑफिसात गेले आणि व्हिडिओ टेप लावून शाळेचं स्टॉपवॉच धरलं. अकरा वेळा! हूड तीन पूर्णांक नऊ सेकंदांत पोचला होता. चेंडू नेफच्या हातात आला तेव्हाच सव्वातीन सेकंदं झालेली. तिथून पहिल्या बेसपर्यंत फेकायला वाऱ्यालासुद्धा सेकंदाच्या वर लागतं. म्हणजे चेंडू निसटला नसता तरी हूड पोचलाच असता. निसटण्याने काहीच बिघडलं नव्हतं. हिट होती ती, स्वच्छ. नवव्या इयत्तेतलं गणित.

संध्याकाळपर्यंत वेळ होता. एक फोन करायचा होता लीगला. मी ऑफिसातून घरी आले आणि टोमॅटोच्या बाटल्या भरल्या.

२१ जानेवारी, शनिवार

लायलच्या पोटावर पाय आला नव्हता. नेफच्या आला. सप्टेंबरात मॅनेजरने त्याला बसवून सांगितलं, अठ्ठावीस चुका झाल्या, अशा शॉर्टस्टॉपला ठेवता येत नाही. अठ्ठाविसावी मी लिहिलेली.

एका आकड्यावर माणूस काढत नाहीत, हे मीही जाणते. पण तो आकडा माझा आहे. मला लाज वाटते.

आणि तरी – हेही लिहिते – "एनिड स्प्रॅग निकाल बदलत नाही" असं गावात कोणी म्हटलं की अजून पाठ ताठ होते. मोडेन पण वाकणार नाही म्हणणारी माणसं स्वतः मोडत नाहीत, शेजारचं कोणीतरी मोडतं.

२४ जानेवारी, मंगळवार

भाषणाचा कच्चा मसुदा झाला. झकास झालाय!

वॉल्ट रँडी जॉन्सनची बाजू घेणार. सहा फूट दहा इंच उंची, ओळीने चार वर्षं सर्वोत्तम पिचरचं बक्षीस, तो डोंगरावरून खाली दगड टाकावा तसा चेंडू टाकायचा. बॅटर घाबरायचे यात शंका नाही. पण घाबरवणं म्हणजे शिकवणं नव्हे, हे मी चाळीस वर्षांच्या नोकरीवर सांगते. नेफ पेद्रो घेणार. तरुण मंडळी कर्शॉ, कर्शॉ करतात. त्याचा पेपर अजून चालू आहे, मधेच निकाल लावायचा नसतो.

माझं म्हणणं असं. सगळ्यात मोठा म्हणजे सगळ्यात जोरात टाकणारा नव्हे. हल्लीचे स्टार्टर शंभर मैलांचा चेंडू टाकतात आणि पाचव्या-सहाव्या डावात खांदा धरून बाकावर जाऊन बसतात. लायल कधीच नव्वदच्या फार वर गेला नाही. पण अठरा वर्षांत त्याने दोनशे एक्केचाळीस सामने जिंकले, तेही अशा संघांकडून, की धावा करायच्या म्हटलं की ज्यांच्या अंगावर काटा यायचा. वाकडे चेंडू टाकून द्यावे लागणारे फुकट बेस तर जणू स्वतःच्या खिशातून द्यायचे असावेत इतके कमी दिले. बक्षिसाला तीनदा दुसरा आला. तीनदा! मत देणाऱ्यांना डोळे आहेत, पण ते वेगाच्या आकड्यावर चिकटलेले. चेंडू जिथे पडायला हवा तिथेच पडतो, डावामागून डाव, वर्षामागून वर्ष – याला मी मोठेपण म्हणते. उत्तर बरोबर असून पायऱ्याही स्वच्छ.

आरशासमोर म्हणून पाहिलं. आयडा टाळ्या वाजवून म्हणाली, नऊ मिनिटं, आणि नो-हिटरचं नावच नाही.

तिच्या लक्षात आलं तर.

२६ जानेवारी, गुरुवार

आयडाला सांगितलं. सगळं, टेपसकट. ती जिगसॉचे तुकडे लावत होती. आकाशाचा भाग, सगळे निळे. हात थांबले नाहीत.

"मग सांगून टाक," म्हणाली. "नाहीतर सांगू नकोस, पण भांडी आपटणं बंद कर."

मी म्हटलं, सांगायचं म्हणजे सगळ्यांसमोर. लायलचा नो-हिटर, गावाची पाटी आणि माझं नाव – तिन्ही एका वाक्यात जाणार. ती म्हणाली, पहिल्या दोघांची काळजी वाटत असती तर तू ही पंचवीस वर्षं निवांत झोपली असतीस, जागवतंय ते तिसरं.

बहीण असली म्हणून काय झालं, इतकं खरं बोलायचं नसतं.

ठरलं. सांगणार.

२८ जानेवारी, शनिवार

वॉल्टला अंधारात ठेवणं बरं नव्हे म्हणून त्याच्याकडे गेले. ऐकून त्याने चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. पाटी ओतून झालीय म्हणाला. लीगच्या कागदात आता काही बदलत नाही म्हणाला. कागदाचा कारखाना गेला, रेल्वे गेली, मिलर्ससुद्धा दुसऱ्या गावाने नेले. गावाला सांगायला हा एक दिवस उरलाय, तोही काढून घेणार का? शेवटी म्हणाला, "आणि बाई, सांगून भलं कोणाचं होणार?"

नेफचं, मी म्हटलं. चारचौघांत त्याच्या कपाळावर चूक मी चिकटवली, ती चारचौघांतच काढायला हवी.

वॉल्टने चष्मा पुन्हा घातला. मग एवढंच म्हणाला, की निदान जेवणानंतरच्या गोडाचं ताट पुढे आल्यावर सांगा, उपाशीपोटी नको. भला माणूस आहे. रँडी जॉन्सनबद्दल मात्र साफ चुकतो.

३१ जानेवारी, मंगळवार

आधी नेफला एकट्याला सांगावं म्हणून त्याच्या दुकानात गेले. वाटेत वाक्यं पाठ केली होती. तो बर्नर उघडून बसलेला, हात काजळलेले. मला बघून म्हणाला, काय, शरण यायला आलात? आणि पेद्रोने ऑल-स्टार सामन्यात पहिल्या सहापैकी पाच बॅटर कसे फटका मारू न देता परत पाठवले, ते पुन्हा सुरू. मी म्हटलं, दोन डाव टाकून मोठेपण मिळत असतं तर आयडालाही मिळालं असतं. मग लायलच्या कर्व्हबद्दल, त्या वळणाऱ्या चेंडूबद्दल, मग मॅडक्स या आणखी एका पिचरबद्दल, मग त्याच्या आईच्या गुडघ्यांबद्दल. तासभर बोललो. निघताना कॅरोलने मांसाच्या करंज्या बांधून दिल्या, त्याच्या बेटावरच्या पद्धतीच्या.

धीर झाला नाही. जिने एकतीस हंगाम मॅनेजरांना जिना उतरायला लावला, तिला एक वाक्य बोलता आलं नाही.

करंज्या उत्तम होत्या.

४ फेब्रुवारी, शनिवार

निळा कोट. मसुदा पर्समध्ये. शेवटचं पान पर्समध्ये नाही, ते डोक्यात आहे.

५ फेब्रुवारी, रविवार

आज चर्चमध्ये बाकावर बसले तेव्हा पाठ इतकी ताठ होती की आयडा म्हणाली, खिळा आहे का कुठे.

सगळं सविस्तर लिहिते. दोनशेच्या वर माणसं होती. अग्निशमनाचे दोन्ही बंब बाहेर बर्फात उभे करून आत टेबलं मांडलेली. हॅम, बटाटे, सात तऱ्हेचे फ्रूट पाय. मतदान नेहमीसारखं: माणशी एक भुईमुगाची शेंग, आणि पुढच्या टेबलावर कॉफीचे रिकामे डबे, प्रत्येकावर पिचरचं नाव. लायल आला. पोट सुटलंय, केस गेलेत, चालणं तेच – टाचा न टेकवता. माझ्याकडे आला आणि वाकून म्हणाला, "बाई, मी अजून अपूर्णांकांना घाबरतो." हा माझ्या वर्गात कधी नव्हता! पण गावात खेळायचा तेव्हा हिवाळ्यात त्याची शाळा पुरी करून घेतली होती मी, ते त्याच्या लक्षात होतं. मला किती अभिमान वाटला ते इथे सांगते, तिथे दाखवला नाही.

वॉल्ट पहिला. ओळीने चार बक्षिसं, तीनशेच्या वर विजय, पाच हजारांच्या जवळ बाद केलेले बॅटर. आकड्यांची चळत रचली, मधे एकदा चष्मा पडला. टाळ्या बऱ्या.

मग नेफ. कोट घातला होता! कागद नाही. म्हणाला, पेद्रोला लहानपणी सगळे सांगत, तू फार किडकिडीत आहेस, स्टार्टर व्हायचा नाहीस, तुझा खांदा पुरणार नाही. पेद्रोने कोणाशी वाद घातला नाही, चेंडू टाकला. "मोठा कोण? ज्याला काही न मिळता त्याने सगळं दिलं, तो मोठा." आणि दोन हजार सालचे आकडे असे हळू म्हटले की बंबवाल्या पोरांनीसुद्धा काटे खाली ठेवले. मी मनात म्हटलं, एनिड, हा तुला हरवणार. आणि मला राग आला नाही.

मग मी. नऊ मिनिटं, एकदाही अडखळले नाही. "उत्तर बरोबर आणि पायऱ्याही स्वच्छ" या वाक्याला जी टाळी पडली! लायल खाली बघून टेबलक्लॉथशी खेळत होता. तिथे थांबले असते तर सगळं गोडच होतं. गोडाचं ताट पुढे आलेलं होतं. वॉल्टने डोळे मिटून घेतले.

मी म्हटलं, "लायल ब्रेनमनला मोठा ठरवायला मला नो-हिटर लागत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. बरंच आहे. कारण तो नो-हिटर नव्हता. आठव्या डावात हूडने मारली ती हिट होती. मी चूक लिहिली, दुसऱ्या दिवशी मला कळलं आणि मी बदललं नाही. मिस्टर रोसारिओ, पंचवीस वर्षं तुम्ही माझी चूक स्वतःची म्हणून वागवलीत. ती तुमची नाही. मी माफी मागते."

खांद्यावरून पोतं उतरावं तसं वाटलं.

लायलने माझ्याकडे पाहिलं नाही, नेफकडे पाहिलं. नेफ ताटाकडे. मग लायल उठला, पाटीचं कापड स्वतःच ओढलं आणि म्हणाला की गणितात बाईंशी वाद घालायची त्याची छाती नाही. पण त्या शुक्रवारी टाकलेला प्रत्येक चेंडू त्याने टाकला होता आणि मागे उभी असलेली आठ माणसं नसती तर तो आज इथे फ्रूट पाय खात नसता. पाटी राहू दे, त्या आठांसाठी, म्हणाला. लोक उभे राहिले. आयडा रडली. आयडा!

मतं: पेद्रो एकोणऐंशी, लायल शहात्तर, जॉन्सन एकावन्न. तीन शेंगांनी गेलं. लायलने आपली शेंग पेद्रोच्या डब्यात टाकताना मी पाहिलं. मी माझी लायलच्या. हरलो तरी नाक वर!

लोकांनी नेफला घेरून हात हातात घेतले. कोणीतरी ओरडलं, आता एका हाताने कप धर. तो हसला, पण लवकरच कोट घेऊन निघाला, कॅरोलसाठीही थांबला नाही. भरून आलं असणार. पंचवीस वर्षांचं ओझं एकदम उतरलं की माणसाला चालताही येत नाही नीट.

घरी आले, वही काढली, ई-६ खोडून हिट लिहिली. एकतीस हंगामांत बदललेला एकमेव निकाल. इतका अभिमान मला एकाही न बदललेल्या निकालाचा वाटला नव्हता.

६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी नेफ आला. बॉयलर ठीक आहे म्हटलं. बॉयलरसाठी आलो नाही म्हणाला. बसला नाही.

हूड पोचणार हे त्याला पहिल्याच पावलाला कळलं होतं. चेंडू फेकला असता आणि हूड आधी पोचला असता, तर मला हिट लिहावीच लागली असती. म्हणून त्याने तो मुद्दाम सोडला. "चूक लिहायला तुम्हाला काहीतरी दिसायला हवं होतं. मला काढणार हे मॅनेजरने जूनमध्येच सांगितलं होतं, बाई. मी वर जाणार नव्हतो. तो जाणार होता." हे त्याने लायलला कधी सांगितलं नाही. कॅरोललाही नाही. आणि मीही सांगायचं नाही.

मी खुर्ची पुढे केली.

"तेवढी एकच खेळी मला खरी जमली होती," तो म्हणाला. "शनिवारी तुम्ही ती सगळ्यांसमोर पुसलीत. ती चूक मला परत द्या."

वही काढली, हिट खोडली, पुन्हा ई-६ लिहिलं. दिली.